फुकटच्या वस्तूचे मोल

किंमत आणि मूल्य यांतील भेद अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात शिकविला जातो. मुक्तस्रोत संगणक-आज्ञावली हे त्या भेदाचे आजचे ठळक उदाहरण होय. जिची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी व इतरांस द्यावी अशी मुभा परवान्यातच असते, ती आज्ञावली मुक्तस्रोत. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली लिनक्स याच वर्गातली. जगातील अग्रगण्य ५०० महासंगणक २०१७ पासून तिच्यावरच चालतात.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाचा दाखला दिला होता. प्रत्येकजण आपली गुरे वाढवितो आणि अखेरीस कुरण उजाड होते. येथे मात्र वस्तू कितीही वापरली तरी झिजत नाही; झिजतो तो तिची राखण करणारा माणूस.

एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएल या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. असंख्य संकेतस्थळांवरील व्यवहारांची गुप्तता तिच्यावर विसंबून होती. तिच्या संस्थेस मिळणाऱ्या देणग्या मात्र वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच! पुढे मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत एका तोतया मदतनिसाने चोरवाट पेरल्याचे आढळले. थकलेल्या एकट्या संरक्षकाचा विश्वास त्याने दोन वर्षे खपून संपादन केला होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा पिच्छा पुरवून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती शोधली. संहिता खुली असल्यानेच त्यांना मुळापर्यंत जाता आले. तेव्हा दोष खुलेपणाचा नव्हे, आपल्या उदासीनतेचा आहे.

केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्तस्रोतास प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. परवानाशुल्क वाचते, विक्रेत्याचे मिंधेपण टळते. हे योग्यच झाले. परंतु घेणे वेगळे आणि जपणे वेगळे. जर्मनीने २०२२ साली अशा पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभारला. आपणही वाचलेल्या शुल्काचा काही अंश तिकडे वळवावा; अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दोषदुरुस्तीच्या कामास परीक्षेत गुण द्यावेत. विहीर साऱ्या गावाची असली, तरी तिचा गाळ कोणाला तरी उपसावाच लागतो.