पिशवी दाखवा, नाहीतर माघारी फिरा

जुलै 2005 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्ब फुटले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या सबवेत फाटकांजवळ पोलिसांनी पिशव्या तपासायला टेबलं मांडली. कोणाला थांबवायचं, हे शिपायाच्या मर्जीवर नव्हतं. गर्दी पाहून वरिष्ठ आकडा ठरवायचा आणि दर पाचवा किंवा दहावा प्रवासी बाजूला घेतला जायचा. शोध फक्त स्फोटकांचा. नावगाव विचारायचं नाही, पिशवीतली कागदपत्रं वाचायची नाहीत.

नकार देणाऱ्याला पिशवीसकट माघारी फिरायची मुभा होती.

मग बॉम्बवालाही पुढच्या स्टेशनातून शिरेल की! हा आक्षेप बिनतोड वाटतो. या तपासणीविरुद्ध एक नागरी हक्क संघटना कोर्टात गेली. 2006 मध्ये अपील न्यायालयाने मात्र पोलिसांची बाजू उचलून धरली. टेबल कुठे लागेल याचा नेम नाही, हाच धाक, असा युक्तिवाद टिकला. तपासणी काही सेकंदांची आणि आगाऊ सूचना देऊन होते, हेही न्यायाधीशांनी जमेस धरलं.