फॉर्म चारमधली तिसरी ओळ

फॉर्म नंबर चार हा साधा छापील कागद. रुग्णालयात माणूस दगावला की उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्यात मृत्यूचं कारण लिहायचं आणि तो जन्म-मृत्यू निबंधकाकडे धाडायचा. चाकण परिसरात रुग्णसेवा करताना मी हे फॉर्म भरलेत, इतरांचे तपासलेही आहेत. लिम्फोमाने, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने, किती माणसं जातात, कोणत्या वयात जातात, यावरचे मोठमोठे शोधनिबंध अशाच कागदांवर उभे असतात.

पहिल्या भागात अ, ब, क अशा तीन ओळी. केमोथेरपी चालू असलेला कामगार घ्या. पांढऱ्या पेशी घसरल्या, रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि तो गेला. मग अ मध्ये सेप्टिसिमिया, ब मध्ये न्यूट्रोपेनिया आणि क मध्ये मूळ आजार : डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. उजव्या रकान्यात त्या त्या आजाराचा कालावधी. आकडेवारीत रोगवर्गीकरणाचा संकेतांक बसतो तो मूळ आजाराचा, सी ८३.३. पण रात्रपाळीला दमलेला आरएमओ (निवासी डॉक्टर) ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच लिहून मोकळा होतो. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो! मरणाचा प्रकार नको, आजार लिहा, अशी सूचना फॉर्मवरच छापलेली असते. ती न वाचल्यामुळे लिम्फोमाचा एक मृत्यू हिशेबातून कायमचा निसटतो.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आणखी एक गळती आहे. इथल्या कंपन्यांत बीड, लातूर, नांदेडपासून बिहारपर्यंतची मुलं राबतात. दुखणं हाताबाहेर गेलं की खोली सोडून गावाकडे जातात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. उमेदीची वर्षं चाकणला घालवलेल्या माणसाच्या शेवटच्या कागदावर चाकणचं नाव येईलच असं नाही.

आणि घरीच गेलेल्यांचं काय? शिक्रापूर रस्त्याने पलीकडे गेलं की भीमेकाठचं वढू बुद्रुक लागतं. डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. २००२पासून केईएमचं संशोधन केंद्र त्या भागातल्या बावीस गावांत घरोघर फिरून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदवत आलं आहे. मृत्यू घडलेल्या घरी कार्यकर्ता दुखवट्याचे दिवस सरल्यावर जातो आणि ज्याने शुश्रूषा केली त्याच्याशीच बोलतो. ताप किती दिवस होता? रात्री अंथरूण भिजेल इतका घाम यायचा का? मानेला, काखेत, जांघेत गाठी होत्या का? अंगावरचं मांस उतरलं होतं का? ही उत्तरं वाचून डॉक्टर कारण ठरवतात. याच पद्धतीने देशभरातल्या १,२२,४२९ मृत्यूंचा अभ्यास करून टाटा मेमोरियलचे डॉ. राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहिला. त्यात ७,१३७ मृत्यू कर्करोगाचे निघाले. कर्करोगाने जाणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोक ३० ते ६९ वयाचे, म्हणजे घर चालवणारे.

लिम्फोमापाशी मात्र ही पद्धत अडते. ताप, घाम, घटलेलं वजन, मानेच्या गाठी : हीच सारी लक्षणं क्षयाचीही. आपल्याकडे मानेला गाठ म्हणजे गंडमाळ, आणि गंडमाळ म्हणजे टीबी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तपासणीआधीच एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झालेले रुग्ण मी पाहिलेत. गोळ्यांनी गाठ बसत नाही, महिने जातात. सुईने पेशी काढून पाहणंही लिम्फोमात बरेचदा अपुरं पडतं. अख्खी गाठ काढून बायोप्सी करावी लागते. ती झालीच नाही तर उपचारही चुकतो आणि मागाहून कारण विचारायला आलेल्याला घरचे सांगतात, ‘टीबीने गेले.’ कागदावर क्षयाचा एक मृत्यू वाढतो. जिवंतपणी न झालेलं निदान मेल्यानंतर कुठलाही संशोधक भरून काढू शकत नाही.

म्हणून माझं सांगणं डॉक्टरांइतकंच घरच्यांनाही आहे. टीबीच्या औषधांनी गाठ उतरत नसेल तर बायोप्सीबद्दल विचारा आणि तिचा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. २०२३च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य देणं रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक आहे. ती मागून घ्या आणि तिसऱ्या ओळीत आजाराचं नाव आहे ना, ते तिथेच वाचून पाहा.