गाडी उभी होती की!

कर्वे रस्त्यावर नळस्टॉपचा सिग्नल लागला, की पहिले काही क्षण सगळे खांबावरच्या आकड्यांकडे बघतात. किती वेळ आहे याचा अंदाज आला, की माना खाली जातात. स्कूटरवाल्याचा फोन खिशातून निघतो, कारमधल्या मांडीवर निळसर उजेड पडतो, पाठीवर जेवणाची पेटी घेतलेला पोरगा हँडलवरच्या होल्डरमध्ये अंगठा चालवायला लागतो. त्याच वेळी झेब्रा पट्ट्यांवरून माणसं रस्ता ओलांडत असतात. पहिल्या रांगेतून त्यांच्याकडे बघणारं क्वचितच कुणी असतं.

ओळखीच्या एका वाहतूक हवालदारांबरोबर मी काही संध्याकाळी या चौकात उभी राहिले. सिग्नलला थांबलेल्या गाडीत फोन वापरला तर तो गुन्हा होतो का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पुस्तकातला कायदा वाचून झाला होता, रस्त्यावरचा बघायचा होता.

हवालदार चौकाच्या मधोमध उभे राहत नाहीत. स्टॉपलाइनच्या जरा पुढे, पदपथाला लागून त्यांची जागा. ई-चलनाच्या यंत्रात गाडीचा नंबर आणि गुन्ह्याचा प्रकार भरायचा, फोटो जोडायचा. मालकाची माहिती नोंदणीवरून येते आणि त्याला मेसेज जातो. यातला अवघड भाग म्हणजे फोटो. हातातला फोन आणि नंबरप्लेट दोन्ही त्यात दिसले तरच पुढची हुज्जत टळते. मागच्या गाड्यांचे नंबर पुढच्यांच्या आड जातात, कारच्या काचेवर दुकानांचे दिवे चमकतात, आणि फोटो निघेपर्यंत फोन सीटखाली गेलेला असतो. म्हणून कारवाई होते ती बहुतेक पहिल्या रांगेतल्यांवर.

एका तरुणाला त्यांनी बाजूला घेतलं तेव्हा तो कळवळून म्हणाला, “मामा, गाडी उभी होती की! चालवत कुठं होतो?”

“उभी होती ना? मग साइडला लावायची, स्टँडवर घ्यायची, खुशाल बोलायचं. रस्त्याच्या मधे इंजिन चालू ठेवून नाही.”

हवालदारांचं उत्तर मला पूर्ण पटलं. पण ते त्यांच्या अनुभवातून आलेलं आहे. आपल्या कायद्यात ते इतक्या स्वच्छ शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात, गाडी चालवताना हातातल्या संपर्कसाधनाचा वापर करणं स्पष्टपणे घातलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दंड १०,००० रुपये, आणि कैद दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये सवलत आली: असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरावं, तेही चालकाचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीने. सिग्नलला किंवा कोंडीत गाडी थांबलेली असेल तर काय, याबद्दल या दोन्ही ठिकाणी चकार शब्द नाही. त्या तरुणाचा सवाल त्यामुळेच जिवंत राहतो.

ब्रिटनमध्ये हा सवाल उरलेला नाही. तिथे हातात फोन घेऊन गाडी चालवण्यावर १ डिसेंबर २००३ पासून बंदी आहे. लाल दिव्याला थांबलात, रांगेत अडकलात, गाडीने आपोआप इंजिन बंद केलं, तरी तुम्ही गाडी चालवतच आहात, असं तिथलं सरकार चालकांना सरळ सांगतं. तरीही एक पळवाट राहिली होती. चालत्या गाडीतून अपघाताचं चित्रण करणारा एक चालक २०१९ मध्ये न्यायालयात सुटला, कारण चित्रण करणं म्हणजे संपर्क साधणं नव्हे. मग २५ मार्च २०२२ पासून फोटो काढणं, गाणी चाळणं, खेळ खेळणं हे सगळं बंदीत आलं. दंड २०० पौंड आणि परवान्यावर ६ गुण. परीक्षा पास होऊन दोन वर्षं झालेली नसतील तर एवढ्यावर परवानाच जातो. थांबणं धोक्याचं असेल तेव्हा मदतीसाठी आपत्कालीन फोन करायला मुभा आहे, आणि गाडी उभी करून खिडकीतून फोनने पैसे द्यायलाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणखी कडक भूमिका घेतली. रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून थांबलेला चालकसुद्धा त्यांनी दोषी धरला. मला हे जादा वाटतं. कडेला घेऊन बोलणाऱ्यालाही दंड होणार असेल तर कडेला कोण घेईल?

थांबलेल्या गाडीचा धोका काय, हे सिग्नल सुटल्यावर कळतं. मागून हॉर्न वाजतो, खाली बघणारा दचकतो आणि समोर न बघताच ॲक्सिलरेटर पिळतो. झेब्रावर अजून एखादी आजी असते, शाळेचं दप्तर घेतलेलं पोर असतं. डावीकडून कुणीतरी मुसंडी मारत असतं. आवाजाने चालणारी गाडीतली यंत्रणा वापरल्यावर मन पूर्णपणे रस्त्यावर परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, असं अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळलं. म्हणजे लाल दिव्यात सुरू झालेलं काम हिरव्या दिव्यातही डोक्यात चालूच राहतं. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२१ सालचे १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू मोबाइलच्या वापरामुळे झाल्याची नोंद आहे. अपघातानंतर ‘मी फोन बघत होतो’ असं स्वतःहून सांगणारा चालक विरळाच, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणं मात्र मला जमत नाही. डिलिव्हरीच्या मुलांचा फोन म्हणजे त्यांची रोजीरोटी. नवी ऑर्डर आल्याचा आवाज होतो आणि ती घ्यायला थोडकेच क्षण असतात. सिग्नल लागला की त्यांचे अंगठे धावतात ते याच धास्तीने. हवालदार म्हणाले, “बघा ताई, या पोरांची पावती करताना माझा हात जड होतो.” दंड त्या मुलाला होतो, घाई त्याच्यावर लादणाऱ्या कंपनीला होत नाही. गाडी रस्त्यावर असताना नवं काम पाठवायचंच नाही, अशी सक्ती या कंपन्यांवर व्हायला हवी.

बोरघाटात गाड्या तासभर एका जागी अडकतात, तेव्हाचा प्रश्नही वेगळा आहे. इंजिन बंद, माणसं खाली उतरलेली, घरी काळजी. तिथे घरच्यांना फोन करणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये. पण हा फरक हवालदाराच्या मर्जीवर सोडणं चालक आणि पोलीस दोघांवरही अन्याय आहे. रांगेत चालू इंजिनाने थांबलेली गाडी ही चालवली जात असलेलीच गाडी आहे, आणि कडेला लावलेली किंवा कोंडीत इंजिन बंद करून ठेवलेली गाडी तशी नाही, एवढं नियम २१ मध्ये केंद्राने लिहावं.

ते लिहिलं जाईल तेव्हा जाईल. तुम्ही मात्र उद्या किल्ली फिरवण्याआधी फोन डिकीत किंवा पर्समध्ये टाका आणि घरी सांगून निघा, की पोचल्यावरच फोन करीन.