कीटकांचे आकारमान व त्यांचा परिसर

एकाच जातीच्या दोन माशा, एक लहान व एक मोठी, मुलांना दाखवून "यांतील लहान माशी पुढे मोठी होईल काय?" असे विचारल्यास पुष्कळशी मुले "होय" म्हणतात. पिलाची कोंबडी होते, वासराची गाय होते, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यावरून काढलेले हे अनुमान स्वाभाविक असले तरी चुकीचे आहे. पंख फुटून पूर्णावस्थेस पोचलेला कीटक पुढे वाढत नाही. माशी, डास, भुंगा, फुलपाखरू यांचे आकारमान ती अळी असतानाच ठरून जाते. म्हणून एखादा कीटक लहान का राहिला हे जाणावयाचे, तर त्याचे अळीपण कोणत्या परिस्थितीत गेले हे पाहिले पाहिजे.

वाढ कशी होते

कीटकाचे कवच अंगाबाहेर असते व ते ताणले जाण्यास मर्यादा असते. यामुळे अळीला वेळोवेळी कात टाकावी लागते. तुतीच्या पाल्यावरील रेशीमकिडा चार वेळा कात टाकतो आणि साधारणपणे २५ ते २८ दिवसांत त्याचे वजन जन्मवेळेच्या सुमारे १०,००० पट होते. एकूण पाल्यापैकी बहुतेक पाला तो शेवटची कात टाकल्यावर खातो. अळीने ठराविक वजन गाठले, की तिच्या शरीरात कोशावस्थेची तयारी सुरू होते. त्यापूर्वी उपासमार झाली तर तिची वाढ लांबते किंवा ती मरते. त्यानंतर अन्न तुटले, तर ती कोशात जाते खरी, परंतु त्यातून निघणारा पतंग लहान असतो.

अन्न

याचे उत्तम उदाहरण शेणकिड्यात सापडते. शेणकिड्यांच्या अनेक जातींत मादी जमिनीत शेणाचा गोळा करून त्यात एक अंडे घालते. अळीचे सारे अन्न म्हणजे तो एक गोळा. गोळा मोठा असेल तर भुंगा मोठा निघतो, लहान असेल तर लहान. काही जातींत तर मोठ्या नराच्या डोक्यावर शिंगे येतात, आणि तोकड्या अन्नावर वाढलेल्या नराला ती जवळजवळ येतच नाहीत. आईबाप तेच असूनही भावाभावांत एवढा फरक पडू शकतो.

दाटी

डासांच्या अळ्यांची एकाच डबक्यात गर्दी झाली व अन्न कमी पडले, तर त्यांतून लहान डास निघतात. लहान डास म्हणजे डासाचे पिलू नव्हे. तीही पूर्ण वाढलेली मादी असू शकते व ती चावते. डासाची वाढ पाण्यात होत असल्याने बंदोबस्तही साचलेल्या पाण्याचाच केला पाहिजे, हे मुलांच्या मनावर येथे सहज ठसविता येईल.

उष्णता

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी, शास्त्रज्ञ ज्यांना ड्रोसोफिला म्हणतात ती चिलटे २५ अंश सेल्सिअस तपमानात अंड्यापासून सुमारे १० दिवसांत तयार होतात. १८ अंशांवर त्यांना जवळजवळ दुप्पट काळ लागतो. पण ती आकाराने मोठी असतात. उबेमुळे वाढीचा वेग वाढतो हे खरे. परंतु प्रौढ होण्याची घाई त्याहूनही अधिक वाढते, म्हणून देह भरण्यास अवधी अपुरा पडतो. डेव्हिड ॲटकिन्सन यांनी १९९४ साली अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा बाहेरच्या तपमानाप्रमाणे ज्यांचे शरीर तापते वा थंड होते अशा जीवांतील चारपंचमांशांहून अधिक उदाहरणांत हाच प्रकार आढळला. यास अपवादही आहेत.

वर्गात करावयाचा प्रयोग

रुंद तोंडाच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत पिकलेल्या केळ्याचा मोठा तुकडा व दुसरीत अगदी लहान तुकडा ठेवावा. दोहोंत सारख्याच संख्येने चिलटे सोडून तोंडास पातळ कापड बांधावे. दोन दिवसांनी चिलटे सोडून द्यावीत. बाटल्या एकाच जागी, सावलीत ठेवाव्यात. म्हणजे फरक पडला तर तो अन्नाचा व दाटीचा, हे स्पष्ट होईल. नवी चिलटे निघाल्यावर भिंगाने त्यांची तुलना करावी. मादी नरापेक्षा काहीशी मोठी असते. म्हणून एकदोन चिलटांवरून निष्कर्ष न काढता प्रत्येक बाटलीतील निदान वीस चिलटे पाहावयास लावावीत. आढळेल तेच मुलांनी वहीत लिहावे, मग ते अपेक्षेप्रमाणे असो वा नसो.

एक सावधगिरी

हा नियम जसाच्या तसा माणसाच्या मुलाला लावू नये. कोशातून बाहेर आलेल्या कीटकाची उणीव पुढे कितीही अन्न मिळाले तरी भरून निघत नाही. मुलाची वाढ मात्र किशोरवयापर्यंत चालू असते. वर्गातील खुजे व किरकोळ मूल पाहून त्याची वाढ संपली असे मानण्याचे कारण नाही. आज त्याच्या ताटात पडणारा घास त्याच्या उपयोगी पडतो.