आपल्या कुलपाची किल्ली परक्याकडे

प्रवासी बॅगेचं नंबरचं कुलूप नीट न्याहाळलंत, तर त्यावर पत्त्यांतल्या चौकटीसारखं एक लाल चिन्ह दिसेल आणि शेजारी किल्लीचं भोक. त्या भोकाची किल्ली दुकानदार देत नाही. पैसे मोजून आपण घेतलेल्या कुलपाची किल्ली जन्मात न भेटलेल्या माणसाकडे असते, आणि हाच त्या कुलपाचा गुण म्हणून ते विकलं जातं!

याचं मूळ अमेरिकेत आहे. 2001 च्या अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिथे टीएसए ही सुरक्षा यंत्रणा उभी राहिली आणि विमानाच्या पोटात जाणारी प्रत्येक बॅग तपासायची, असा कायदा झाला. शंका आली की बॅग उघडणार, कुलूप असेल तर कापणार. या कापाकापीवर तोडगा म्हणून 2003 मध्ये ट्रॅव्हल सेंट्री या कंपनीची ही लाल चिन्हाची कुलपं आली. कंपन्या अनेक, पण तपासनिसांच्या मास्टर किल्ल्या मोजक्याच. भोकाजवळ ‘टीएसए 007’ असं कोरलेलं असतं, ती किल्लीची जात. जेम्स बाँडचा इथे काही संबंध नाही.

खरी नवलाई मात्र सामान तपासणाऱ्या यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर घडते. बहुतेक बॅगांना कुणाचा हातही लागत नाही, कारण यंत्राला कुलपाचं सोयरसुतक नसतं. ते कमी आणि जास्त ऊर्जेचे क्ष-किरण बॅगेतून सोडतं. जड अणू कमी ऊर्जेचे किरण फार शोषतात, हलके अणू कमी. दोन्हींची तुलना केली की वस्तू कोणत्या जातीची ते कळतं आणि पडद्यावर रंग उमटतात: धातू निळे, मधले पदार्थ हिरवे, आणि कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे सेंद्रिय पदार्थ नारिंगी. आता गंमत पाहा. आईनं दिलेले बेसनाचे लाडू नारिंगी दिसतात आणि स्फोटकंही नारिंगीच. म्हणून मोठ्या विमानतळांवर सीटी स्कॅनर असतो. त्यातला किरणांचा स्रोत बॅगेभोवती फिरतो, संगणक तिच्या चकत्या पाडतो आणि प्रत्येक वस्तूची घनता काढतो. 1971 मध्ये लंडनच्या रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत डोकावलेलं हे तंत्र. त्यासाठी गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना 1979 चं नोबेल विभागून मिळालं. मेंदूतली गाठ शोधणारं गणित आज आपले लाडू तपासतंय, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

ही यंत्रं हौसेपोटी आलेली नाहीत. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, 329 माणसं गेली. ते विमान लंडन, दिल्ली करत मुंबईला यायचं होतं. बॉम्बची सुटकेस व्हँकुव्हरला चढवली गेली, तिचा मालक चढलाच नाही. टोरांटोला ती एअर इंडियाच्या सामानात गेली, आणि तिथलं क्ष-किरण यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलेलं. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवतात आणि आपण उशिराबद्दल कुरकुरतो, तेव्हा हे आठवावं.

मग कुलपानं चोर तरी अडतो का? 2014 मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं सामानतपासणीवरच्या लेखात मास्टर किल्ल्यांच्या जुडग्याचा फोटो छापला. पुढच्याच वर्षी त्यावरून दाते मोजून थ्रीडी प्रिंटरच्या फायली इंटरनेटवर आल्या आणि प्लास्टिकच्या किल्लीनं कुलपं उघडू लागली. चेनच्या बॅगेला तर तेवढीही खटपट नको. बॉलपेनाचं टोक दातांमध्ये खुपसलं की चेन फाकते, आणि कुलूपबंद सरकणी मागेपुढे फिरवली की पुन्हा मिटते. कुलूप जसंच्या तसं! म्हणजे बॅग वाटेत आपोआप उघडू नये आणि जाता-येता कुणी हात घालू नये, एवढ्यापुरतंच ते कामाचं.

भारतात चेक-इन बॅगेत यंत्राला पॉवर बँक दिसली की तुमच्या नावाचा पुकारा होतो आणि तुमच्यासमोर बॅग उघडतात. सुकं खोबरंही चेक-इन सामानात चालत नाही. कोकणातून निघालेल्यांना हे पटत नाही, पण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला 1363 हा स्वतंत्र क्रमांक आहे. तेव्हा वाट्या घरीच ठेवा. पॉवर बँक, दागिने, औषधं आणि कागदपत्रं हातातल्या बॅगेत घ्या आणि खाली जाणाऱ्या बॅगेला साधंसं कुलूप लावा. महागडं घेऊ नका.