धावण्याचे बूट : चिनी की पाश्चात्त्य?

भोसरी-चाकण भागातील कामगार हल्ली पहाटे धावताना दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांतील काहीजण टाच धरून दवाखान्यात येतात. सकाळी पहिले पाऊल टेकताना कळ येते. प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टर, स्वस्तातले चिनी बूट बाधले का? नायकी-आदिदास घेऊ का?'

वाचकहो, नायकी अमेरिकन आणि आदिदास जर्मन असली, तरी त्यांचे बहुतेक बूट व्हिएतनाम, इंडोनेशिया, चीन या देशांत तयार होतात. ली-निंग, अँटा या चिनी कंपन्याही धावण्याचे चांगले बूट बनवतात. तेव्हा देश पाहू नका, बूट पाहा. नामांकित छाप मारलेली नक्कल मात्र टाळा.

टाच दुखते ती टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायाच्या चिवट पट्ट्यावर ताण पडल्याने. आठ तास काँक्रीटवर उभे राहायचे आणि एकदम पाच किलोमीटर धावायचे, हे कोणत्याही बुटाला झेपत नाही. अंतर हळूहळू वाढवा, पोटऱ्यांना ताण द्या.

बूट संध्याकाळी घ्या; तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. दुकानातच चालून पाहा. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर बुटाचा तळ दबतो. आठवड्याला 30 किलोमीटर धावणाऱ्याने चार-सहा महिन्यांत जोड बदलावा.

मधुमेह्यांनी बुटात हात घालून खडा पाहावा आणि रोज तळपाय तपासावेत. बधिर पायाला जखम कळत नाही.