आकाशातला पहिला गिअर

अहमदाबादच्या विमान अपघाताचा जुलै 2025 मधला प्राथमिक अहवाल वाचून बेंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या एका वाचकांनी विचारलं आहे : बंद झालेलं इंजिन हवेत पुन्हा सुरू होतं का हो?

होतं. पण ते होईल याची खात्री आधी कुणीतरी करून घेतलेली असते. त्यासाठी चाचणी वैमानिक धडधाकट इंजिन मुद्दाम बंद करतात. या वाचकांच्या दक्षिणेला, काही किलोमीटरवरच्या एचएएल विमानतळावरून 6 मार्च 2009 च्या दुपारी ‘सरस’ उडालं ते याच कामासाठी.

‘सरस’ हे बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं, म्हणजे ‘एनएएल’चं, 14 आसनी हलकं विमान. दोन टर्बोप्रॉप इंजिनं शेपटीकडे आणि त्यांचे पंखे मागे तोंड करून. त्याचा दुसरा नमुना त्या दिवशी बिडदीजवळ शेषगिरीहळ्ळीत कोसळला. विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शहा आणि स्क्वाड्रन लीडर इलयाराजा हे हवाई दलाचे तिघे त्यात गेले.

दोनपैकी एक इंजिन चालू असताना विमान पडावं कसं? याचं उत्तर इंजिनापेक्षा पंख्यात जास्त आहे. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो. इंजिन बंद केलं की पाती वळवून त्यांची धार समोरच्या हवेकडे करतात. वैमानिक याला ‘फेदर’ म्हणतात. ही झाली न्यूट्रलमधली गाडी. तेच पाती आडवी झाली, तर वाराच पंखा गरगर फिरवू लागतो आणि विमानाला मागे खेचतो. वरंधा घाटात पहिल्या गिअरवर सोडलेली गाडी जशी अडते तसंच. फक्त इथे ब्रेक एकाच बाजूचा लागतो, म्हणून विमान तिकडे वळूही लागतं.

उडताना पात्यांचा कोन बदलायचा हा गिअर वापरण्याजोगा करून दिला फ्रँक कॉल्डवेल या अमेरिकन इंजिनिअरने. लिंडबर्गने 1927 मध्ये अटलांटिक ओलांडला तो एकाच गिअरवर. पात्यांचा कोन जमिनीवर बसवून दिलेला, लांबच्या प्रवासाला सोयीचा. त्यामुळे इंधनाने ठासून भरलेलं ते विमान टेलिफोनच्या तारांवरून जेमतेम निघालं. कॉल्डवेलच्या पंख्याला 1933 ची कॉलियर ट्रॉफी मिळाली. लिंडबर्ग शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. कॉल्डवेलचं नाव विमानाचा अभ्यास करणाऱ्यांपलीकडे कुणी घेत नाही. मला हे फार लागतं.

पुन्हा ‘सरस’कडे. इंजिन पुन्हा पेटवण्याचा प्रयत्न सुमारे 9000 फुटांवर झाला. आकडा ऐकायला ऐसपैस वाटतो, पण तो समुद्रसपाटीपासूनचा. बेंगळुरूचं पठारच सुमारे 3000 फूट उंच. पायाखाली उरले सहा हजारांच्या आसपास, आणि पंख्याने ब्रेक धरला की एवढी उंची बघता बघता सरते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चौकशीने मुख्य कारण सांगितलं ते असं : इंजिन पुन्हा सुरू करण्याची विमानाच्या रचनाकारांनी आखून दिलेली पद्धतच चुकीची होती, आणि वैमानिकांनी ती अपुऱ्या उंचीवर वापरली. अहवालात वैमानिकांच्या आपसातल्या समन्वयावर आणि विमान हाताळण्यावरही ठपका आहे. पहिला प्रयत्न फसल्यावर चाचणी तिथेच थांबवायला हवी होती, असंही तो म्हणतो. हा निर्णय जमिनीवरच्या चाचणी संचालकांशी बोलून घ्यायचा होता.

तरी माझी नजर अडते ती त्याच अहवालातल्या दुसऱ्या एका ओळीवर. ही पद्धत ठरवताना ‘एनएएल’ने पंखा बनवणाऱ्या कंपनीला विचारलंच नव्हतं. ‘वैमानिकाची चूक’ हा शिक्का आपल्याकडे अवशेष थंड होण्याआधी मारला जातो. इथे मात्र पहिली चूक विमान उडण्याआधीच, टेबलावर बसून लिहिली गेली होती.

त्यानंतर प्रकल्प वर्षानुवर्षं रखडला. सुधारलेलं ‘सरस’ बेंगळुरूत पुन्हा उडालं ते थेट 24 जानेवारी 2018 ला.